तक्रार त्याच्याच दारी न्यायची: आजारपणात आणि शोकात देवावर भरवसा कसा ठेवावा

मी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकले आणि नोकरीची सगळी वर्षं वॉर्डातच काढली. पुढे मधुमेहाने आमच्या यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि पेशंटच्या पायथ्याशी स्टुलावर बसायची पाळी माझ्यावर आली. आता हे प्रभूकडे गेले आहेत. मंडळीत कोणाच्या घरी मोठं आजारपण निघालं किंवा कोणाचं हाताशी आलेलं मूल गेलं, की बायका माझ्याकडे येतात. विचारतात, "सिस्टर, देवाची सत्ता सगळ्यावर आहे हे लहानपणापासून पाठ आहे. पण आता त्याच्यावर भरवसा ठेवायचा म्हणजे सकाळी उठून करायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. उपदेशात भरवसा ठेवा एवढंच सांगतात, तो कसा ठेवायचा हे क्वचितच सांगतात. म्हणून मला जे माहीत आहे ते लिहून काढते.

माझं म्हणणं थोडक्यात असं: सगळं देवाच्या हातात आहे असं आपण खरोखर मानत असू, तर आपली तक्रारही त्याच्याकडेच गेली पाहिजे. जो दुःखात देवाशी भांडतो त्याचा विश्वास गेला असं लोक म्हणतात. मला उलट वाटतं. ज्याने बोलणंच सोडलं त्याची मला काळजी वाटते.

देवाची इच्छा आणि नशीब यांची गल्लत करू नका

आपल्या घरांना ख्रिस्ती होऊन चार-पाच पिढ्या झाल्या, तरी संकट आलं की तोंडात येतं, "कपाळी लिहिलेलं कोणाला चुकलंय?" किंवा "भोग आहेत, भोगायचे." त्यालाच थोडा ख्रिस्ती रंग देऊन आपण म्हणतो, "देवाची इच्छा." आवाज तोच असतो, मान खाली घालणं तेच असतं.

पण नशीब ऐकत नाही. त्याच्यापुढे रडता येत नाही, त्याला जाब विचारता येत नाही. शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, देव राजासनावर बसलेला आहे आणि तिथून ऐकतो. मत्तय 10:29 मध्ये प्रभू सांगतो की बाजारात कवडीमोलाने विकली जाणारी चिमणीसुद्धा पित्याला सोडून जमिनीवर पडत नाही. हे वचन नीट वाचा. चिमणी पडणारच नाही असं त्यात कुठे आहे? चिमणी पडते. पण पडताना ती पित्याच्या नजरेबाहेर नसते. भरवसा ठेवायचा तो यावर.

विलापगीताचा तिसरा अध्याय याहून अवघड आहे आणि मला तो फार जवळचा वाटतो. यरुशलेम जळालेलं, पोरं रस्त्यावर भुकेने मेलेली, आणि लिहिणारा त्याच राखेत बसलेला. तो एका दमात दोन गोष्टी बोलतो. दुःख देवाच्या हातून आलं हे तो नाकारत नाही. आणि लगेच 33व्या वचनात म्हणतो की देव माणसांना मनापासून पीडा देत नाही. या दोन्ही गोष्टी त्याने सोडल्या नाहीत, आपणही सोडायच्या नाहीत. पहिली सोडली तर देव दुबळा होतो, दुसरी सोडली तर तो निष्ठुर होतो.

दुसरी गल्लत शिक्षेची. "घरात काहीतरी पाप असेल, नाहीतर इतक्या भल्या माणसाला असं का?" हे बोलणं मी आमच्याच अंगणात ऐकलं आहे. लूक 13 मध्ये लोक असाच प्रश्न घेऊन येशूकडे येतात. तेव्हा तो शिलोहातला बुरूज कोसळून मेलेल्या 18 जणांची आठवण काढतो आणि ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हते असं स्पष्ट सांगतो. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारलं, पाप याचं की याच्या आईबापाचं? येशूने दोन्ही नाकारली. तेव्हा कोणी तुमच्या दारात येऊन हिशेब मांडू लागला, तर हे दोन अध्याय त्याच्या हातात द्या. आमच्या यांच्या बाबतीत कारण आम्हाला ठाऊक होतं, साखर बरीच वर्षं वाढलेली होती. पण डॉक्टरांनी सांगितलेलं कारण वेगळं आणि देवाचा निकाल वेगळा. कागदावर 'डायबेटिक नेफ्रोपथी', म्हणजे मधुमेहाने झालेला किडनीचा आजार, असं लिहिलं होतं, 'शापित' असं लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या दिवसांत: भाकर, पाणी, झोप

बातमी कळल्यावरचे पहिले काही दिवस ईश्वरविज्ञानाचे नसतात. 1 राजे 19 काढून बघा. ईजबेल राणीच्या धमकीने हादरलेला एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्याला उपदेश केला नाही. तो झोपला, दूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, दूताने पुन्हा खायला घातलं. "तू इथे काय करतोस?" हा देवाचा प्रश्न पुढे, होरेब डोंगरावर आला.

म्हणून नर्स म्हणून सांगते. पेशंटजवळ रात्री आळीपाळीने बसा, एकाच माणसाने सगळ्या रात्री काढू नयेत. डब्यातलं दोन घास का होईना, वेळेवर खा. घर विकायचं, गाव सोडायचं असले निर्णय या दिवसांत घेऊ नका. "याला बरं कर, मी अमुक करीन" असे नवस देवाला बोलू नका. तो सावकार नाही आणि आपण कर्जदार नाही. घरात उपास-प्रार्थना चालली असेल तर पेशंटने आणि मधुमेही माणसांनी उपास धरू नये. आमच्या एका प्रार्थनासभेत एक आजी उपासाने चक्कर येऊन पडल्या होत्या. त्यांच्या विश्वासात काही कमी नव्हतं, रक्तातली साखर कमी होती.

आणि हे अगदी ठळकपणे वाचा: विश्वास ठेवायचा म्हणून औषध बंद करायचं नाही. कोणी व्यासपीठावरून गोळ्या फेकून द्यायला सांगितलं, तरी नाही. हिज्कीया राजाला 15 वर्षांचं आयुष्य वाढवून देण्याचं वचन खुद्द देवाने दिलं, आणि त्याच अध्यायात, 2 राजे 20:7 मध्ये, यशया संदेष्टा त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. वचनही देवाचं, लेपही देवाचा. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. डायलिसिसचं मशीन, इन्सुलिनची बाटली, सरकारी योजनेतून होणारे उपचार, हे सगळं त्याच्या राज्यातलंच आहे.

मन इतकं खचलं की जगणं नको वाटू लागलं, तर तेही आजारपणच समजा आणि डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन 14416 या नंबरावर मिळते, मराठीत बोलता येतं. एलीयानेही मरण मागितलं होतं. देवाने त्याला रागावून हाकललं नाही, जवळ घेतलं आणि पुढचं काम दिलं.

तक्रार कशी मांडायची

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे आपल्याला कोणी शिकवत नाही.

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत. त्यांतली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. आपण उपासनेत मात्र बहुतेक 23, 100, 121 आणि 103 वाचतो. त्यामुळे रडणाऱ्या माणसाला वाटतं की आपल्यासाठी शास्त्रात जागाच नाही. जागा आहे, आणि ऐसपैस आहे.

सुरुवात स्तोत्र 13 पासून करा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा विचारतो: कोठवर? कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनात झुरायचं, कोठवर वैऱ्याने माझ्यावर वरचढ व्हायचं. पुढच्या दोन वचनांत तो मागणं मागतो: माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझे डोळे उजळ, नाहीतर मी मरेन. शेवटच्या दोन वचनांत तो म्हणतो की मी तुझ्या दयेवर भिस्त ठेवली आहे, मी गाईन. तक्रार, मागणं, भरवसा. क्रम लक्षात घ्या. भरवसा शेवटी येतो आणि तक्रारीच्या वाटेने येतो.

आता हे स्वतःचं करायचं. एक साधी वही घ्या. मी यांच्या डायलिसिसच्या फायलीतल्या कोऱ्या कागदांवर लिहायचे. वर स्तोत्र 13चं पहिलं वचन उतरवून काढा. त्याखाली "कोठवर" लिहून पुढचं वाक्य तुमचं लिहा, तुमच्या घरच्या भाषेत. प्रार्थनेची जड भाषा नको. माझ्या कागदावर असं काही असायचं:

"प्रभू, कोठवर? आठवड्यातून तीनदा या खुर्चीत चार-चार तास यांचं रक्त नळ्यांतून फिरतं आणि मी समोर बसून बघते. कोठवर यांनी तहानेने जीभ कोरडी करून बसायचं आणि मी पाणी मोजून द्यायचं? ज्या हाताने यांनी फळ्यावर नकाशे काढले, त्या हातावर आता डायलिसिससाठी केलेल्या फिस्टुलाची गाठ आहे. तू बघतोस ना? मग बोल."

हे लिहिताना मला भीती वाटली नाही. कारण याहून कडक ईयोबाने तिसऱ्या अध्यायात लिहिलं आहे, यिर्मयाने विसाव्यात लिहिलं आहे, आणि ते सगळं देवाने आपल्या ग्रंथात ठेवून घेतलं आहे.

मग मागणं लिहा. सरळ आणि नेमकं. "आशीर्वाद दे" असं मोघम नको. "आजच्या डायलिसिसमध्ये यांचं बीपी खाली जाऊ देऊ नको. मुलीची नोकरी सुट्ट्यांपायी जाऊ देऊ नको. मला रात्री तीन तास सलग झोप दे."

तिसरा भाग आला तर लिहा. नाही आला तर जागा कोरी सोडा आणि तारीख टाका. खोटा भरवसा लिहू नका. ज्या दिवशी काहीच येत नाही, त्या दिवशी स्तोत्र 88 मोठ्याने वाचा. ते सबंध स्तोत्र अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी आशेचं एकही वचन नाही. पण ते प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे आणि पहिल्याच ओळीत देवाला आपल्या तारणाचा देव म्हणतं. अंधारात बसून त्याला हाक मारत राहणं, हाही भरवसा आहे.

लहान मुलांच्या वॉर्डात इंजेक्शन देताना एक गोष्ट मी सतत बघितली. आई मुलाला घट्ट धरते, सुई टोचायला आम्हाला मदत करते, मूल तिच्यावरच किंचाळतं आणि तोंड खुपसतं तेही तिच्याच खांद्यात. ते दुसऱ्या कोणाकडे जात नाही. विलापाची स्तोत्रं वाचताना मला ते मूल आठवतं.

लिहिलेलं मनातल्या मनात वाचू नका, ओठांनी वाचा. मोठ्याने म्हणायला घरात जागा नसेल तर गच्चीवर जा, हॉस्पिटलच्या जिन्यात जा.

मागायचं की सोपवून द्यायचं?

दोन्ही, आणि प्रभूने दाखवलेल्या क्रमाने. गेथशेमाने बागेत, धरला जाण्याआधी, येशू आधी म्हणतो की हा प्याला माझ्यापासून दूर कर. मग म्हणतो, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मार्क 14 मध्ये तो हे पुन्हा पुन्हा जाऊन मागतो. आपल्या सभांमध्ये कोणी पहिला अर्धा भाग गाळून थेट समर्पणावर उडी मारतो, तर कोणी दुसरा अर्धा भाग म्हणणं अविश्वासाचं समजतो. "बरं होईलच असं हक्काने बोला, 'तुझी इच्छा' म्हणू नका," असं मला एका पाहुण्या प्रचारकाने तोंडावर सांगितलं होतं. प्रभूने जे म्हटलं ते म्हणण्यात अविश्वास कसला? पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा पुरेल असं उत्तर आलं. त्याची प्रार्थना कमी पडली असं कोणी म्हणू शकेल का?

दानीएल 3 मधले तिघे तरुण भट्टीच्या तोंडाशी उभे राहून राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. समर्थ आहे हेही खरं, आणि सोडवणार की नाही हे ठरवणारा तोच, हेही खरं. हे दोन्ही एका श्वासात म्हणायचा सराव करा. माझी किडनी यांना चालणार नाही असं तपासणीत निघालं, त्या दिवशी मी घरी येऊन हेच म्हटलं. आवाज फुटत नव्हता, पण म्हटलं.

कारण कळत नाही तेव्हा

बहुतेक वेळा कळत नाही. ईयोबाच्या पुस्तकात आपल्याला, वाचणाऱ्यांना, पहिल्या दोन अध्यायांतच पडद्यामागचं कळतं. ईयोबाला ते शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. अध्याय 38 पासून देव वावटळीतून बोलतो तेव्हा पृथ्वीचा पाया, समुद्राचे दरवाजे, रानगाढव, घोडा, गरुड असं सगळं विश्व त्याच्यापुढे मांडतो, पण "तुझी मुलं का मेली" याचं उत्तर देत नाही. तरी ईयोबाला पुरतं, कारण ज्याला हाका मारत होता तो स्वतः समोर येऊन बोलला. आणि 42:7 मध्ये देव ईयोबाचा मित्र अलीफज याला सांगतो की माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. म्हणजे ज्यांनी देवाच्या बाजूने कारणं रचली ते चुकले, आणि ज्याने देवाला जाब विचारला तो खरा ठरला.

यातून एक नेम करा: कारण रचायचं नाही. स्वतःसाठी नाही, दुसऱ्यासाठी तर मुळीच नाही.

उत्पत्ति 50:20 हे वचन आपण फार घाईने वापरतो. योसेफ भावांना म्हणतो की तुम्ही माझं वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं योजलं. सार्वभौम देवाविषयी याहून सुंदर वचन क्वचितच असेल. पण ते कोण, कधी, कोणाला म्हणतं ते बघा. योसेफ 17 वर्षांचा असताना विकला गेला आणि फारोपुढे उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा होता. मधल्या काळात पोटीफराच्या बायकोचा खोटा आळ, तुरुंग, आणि विसरून गेलेला प्यालेबरदार. त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून कोणी त्याला हे वचन ऐकवलं नाही. ते त्याने स्वतः, बाप वारल्यानंतर, मागे वळून म्हटलं. तेव्हा जो अजून खड्ड्यात आहे त्याला हे वचन सांगू नका. तुम्ही स्वतः खड्ड्यात असाल तर ते आत्ता म्हणता आलं नाही म्हणून खंतावू नका. रोमकरांस 8:28 चंही तसंच. सर्व गोष्टी मिळून कल्याणाला कारण होतात हे खरं आहे. त्याच अध्यायात सगळी सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि आत्माही शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, हेही आहे. 26वं वचन आधी जगा, 28वं येईल.

आणि प्रेषितांची कृत्ये 12 जरूर वाचा. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. मग पेत्राला धरतो आणि रात्री देवदूत येऊन पेत्राला तुरुंगातून बाहेर काढतो. मंडळी तीच, राजा तोच, देव तोच. याकोबाच्या आईने त्या रात्री काय म्हटलं असेल याचा मी खूप विचार केला आहे. पेत्रावर देवाचं प्रेम जास्त होतं असं लूक लिहीत नाही. तो काहीच स्पष्टीकरण देत नाही. आमच्या शेजारच्या खुर्चीवर डायलिसिसला येणाऱ्या तरुणाला आईची किडनी मिळाली, तो बरा होऊन कामाला लागला. त्याच्यासाठीही मीच प्रार्थना केली होती. त्याचा आनंद मी मनापासून केला, आणि घरी येऊन वहीत "कोठवर" लिहिलं. हे दोन्ही एका दिवसात मावतं.

रविवारी गाता येत नसेल तर

तरी जा. मागच्या बाकावर बसा. उपासना-संगीत या गीतांच्या पुस्तकातलं गाणं सुरू झालं आणि गळा दाटला, तर उभं राहून नुसतं ऐका. बाकीचे गातात ते तुमच्या वतीनेही गातात. मंडळी त्यासाठीच असते. प्रभुभोजनाला मात्र पुढे जा. तिथे तुम्हाला काही बोलून दाखवायचं नसतं, फक्त हात पुढे करायचा असतो. मोडलेल्या भाकरीत हेच सांगितलेलं आहे की आपला राजा दुःखाबाहेर बसून राज्य करत नाही.

पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा की साक्ष द्यायला सांगू नका. दुःख चालू असलेल्या माणसाकडून विजयाची साक्ष मागणं बरोबर नाही.

हात थांबवू नका

सगळं देवाच्या हातात आहे म्हणून आपण हातावर हात ठेवून बसायचं, असा अर्थ कोणी काढला तर मी पंडिता रमाबाईंचं नाव घेते. 1858 साली जन्मलेल्या या बाईंनी 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा पटकीने गेला, कडेवर लहानगी मुलगी मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा भुकेने माणूस कसा मरतो हे कोवळ्या वयात बघितलेली हीच बाई तिकडे गेली आणि निराधार मुली, विधवा यांना घेऊन आली. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. देव राज्य करतो यावर त्यांचा भरवसा होता, म्हणून त्या स्टेशनावर जाऊन गाडीत बसल्या. उतारवयात, 1921 मध्ये, मनोरमाही गेली. त्याआधीपासून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं जे काम चालू होतं, ते त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या.

आपण रमाबाई नाही. पण आपल्या वाट्याचं काहीतरी असतं. डायलिसिस सेंटरबाहेर लांबच्या खेड्यांतून आलेली माणसं बसलेली असायची, योजनेचे कागद उलटेसुलटे धरून. मला ते कागद वाचता येत होते. यांना मशीनला लावलं की मी बाहेर येऊन त्यांना रांग, खिडकी, झेरॉक्स समजावून सांगायचे. त्याने माझं दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण ते चार तास नुसते सोसण्याचे राहिले नाहीत.

भेटायला जाणाऱ्यांनो

ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस आणि सात रात्री उत्तम काम केलं: जमिनीवर बसले आणि बोलले नाहीत. तेवढंच करा.

"देवाला चांगली फुलं आवडतात म्हणून तो तोडून नेतो" हे मूल गेलेल्या आईला कृपा करून सांगू नका. "देव झेपेल तेवढंच देतो" हेही नको. 1 करिंथकरांस 10:13 मोहाविषयी, परीक्षेविषयी आहे. ओझ्याविषयी विचाराल तर तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा उरली नव्हती.

डबा न्या. भांडं परत मागू नका. मुलांना शाळेत सोडा, वीजबिल भरून या. प्रार्थना करायची तर छोटी करा, पेशंटला नळी लावलेली असते आणि त्याला लघवीला जायचं असतं. दफनाला सगळे येतात. दोन महिन्यांनी, माणसं पांगल्यावर, परत जा आणि गेलेल्याचं नाव घेऊन बोला. नाव ऐकायला घरचे आसुसलेले असतात.

मरणानंतरही हेच

हे एका पहाटे गेले. मी कितीतरी पेशंटांचे डोळे मिटले होते, तरी यांचे मिटताना हात थरथरला. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. लाजराच्या कबरेपाशी येशूचाही होता, पुढच्या काही क्षणांत तो त्याला उठवणार होता, तरी योहान 11:35 मध्ये लिहिलं आहे, "येशू रडला." 1 थेस्सलनीकाकरांस 4:13 मध्ये पौल खेद करू नका असं म्हणत नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका असं म्हणतो. तेव्हा रडा. "विश्वासणाऱ्याच्या घरात रडारड शोभत नाही" असं म्हणणाऱ्याला हे वचन दाखवा.

वही चालू ठेवा. पहिल्या वर्षी नाताळ, वाढदिवस, लग्नाचा दिवस या तारखा अंगावर येतात. त्या आधीच वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी कोणाकडे जेवायला जायचं ते ठरवून ठेवा. अधूनमधून जुनी पानं चाळा, पण सहा महिन्यांच्या आत नको. मागची पानं बघताना काही मागण्यांपुढे मला खूण करता आली: त्या दिवशी बीपी पडलं नव्हतं, मुलीची नोकरी टिकली होती, झोप मिळाली होती. सगळ्यात मोठ्या मागणीपुढे खूण नाही. ती जागा मी तशीच ठेवली आहे आणि तिच्याविषयी त्याला अजूनही विचारते.

आज सुरुवात करायची असेल तर स्तोत्र 13 उतरवून काढा. आठवडाभर तेच. दुसऱ्या आठवड्यात 42 आणि 43 एकत्र वाचा, त्यांत एकच कडवं तीनदा येतं आणि माणूस स्वतःच्या जिवाची समजूत घालतो. मग 77, आणि लागेल तेव्हा 88. त्यानंतर विलापगीत 3 सबंध वाचा, मधलीच गोड वचनं उचलू नका. ईयोब एकट्याने वाचू नका. मंडळीतल्या एखाद्या सोसलेल्या माणसाला बरोबर घ्या, अध्याय आळीपाळीने मोठ्याने वाचा, आणि मित्रांची भाषणं आली की सावकाश वाचा, म्हणजे आपल्यातलं कोण तसं बोलतं ते ओळखू येईल.